‘हिकाच कित्याक?’ : सिंधुदुर्गातल्या एका नऊ वर्षांच्या मुलीच्या मधुमेहाचं प्रकरण

मुलगी नऊ वर्षांची, नुकतीच चौथीत गेलेली. किनाऱ्यालगतच्या वाडीत घर. घरात आई, आजी आणि पाच वर्षांचा धाकटा भाऊ. वडील मुंबईला नोकरीला. गणपती, शिमगा आणि मे महिन्यातली रजा एवढंच त्यांचं गावाकडे येणं. घरच्यांच्या संमतीने हे लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. बालरोगतज्ज्ञ म्हणून मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते जुलैतल्या एका रात्री, धो धो पावसात. तेव्हा ती अर्धवट शुद्धीत होती.

तीन दिवस उलट्या, पोटात कळा, दिवसभर धाप. सोबतच्या चिठ्ठीवर ‘गॅस्ट्रो, न्यूमोनियाची शंका’ असं लिहिलेलं. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी पडलेली. श्वास जलद होता आणि नुसता जलद नव्हे, खोलही होता. पण छातीला स्टेथोस्कोप लावला तर दोन्ही बाजू स्वच्छ. पाण्याअभावी इतकी सुकलेली मुलगी आणि तरीही आई सांगत होती की लघवी भरपूर होते आहे. हे गणित गॅस्ट्रोत बसत नाही, कारण जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या मुलाची लघवी आटते. बोट टोचलं. साखर ५१२. लघवीत कीटोन भरपूर, रक्ताचा पीएच ७.०८, म्हणजे रक्तात आम्ल फार वाढलेलं. वजन १९ किलो भरलं. शाळेच्या आरोग्यपत्रकावर फेब्रुवारीतलं वजन २४ किलो होतं.

हा टाइप १ मधुमेह आणि त्यातून झालेला कीटोॲसिडोसिस. इन्सुलिन संपलं की रक्तात साखर साचते, पण पेशींना ती वापरता येत नाही. शरीर मग चरबी जाळायला घेतं. त्यातून कीटोन नावाची आम्लं तयार होतात, आणि ते आम्ल कमी करण्यासाठी फुप्फुसं खोल खोल श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकू लागतात. पोटदुखी आणि उलट्याही त्याच आम्लामुळे. म्हणून हा आजार पोटाचा वाटतो, छातीचा वाटतो, कधी अपेंडिक्सचाही वाटतो. उपचार ठरलेले आहेत: आधी सलाइन, तेही बेताने, कारण या आजारात लहान मुलांच्या मेंदूला सूज येऊ शकते, तासाभराने इन्सुलिनची संथ धार, सोबत पोटॅशियम. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने पेज मागितली.

आधीचे आठवडे आईने नंतर तुकड्यातुकड्यांनी सांगितले. सुरुवात मे महिन्यातली. मुलगी सारखं पाणी पीत होती, पण मे महिन्यात किनारपट्टीवर तहान कोणाला नसते? कोकम सरबत, सोलकढी, शहाळं असं चालूच होतं. मग ती रात्री अंथरूण ओलं करू लागली. नऊ वर्षांची घोडी झाली तरी, म्हणून आजी रागावली, तेव्हापासून मुलगी पहाटे उठून गुपचूप चादर पिळून वाळत घालायची. मोरीच्या कोपऱ्यात लाल मुंग्यांची रांग लागायला लागली. आईने दोनदा मुंग्यांची पावडर टाकली. शाळा सुरू झाल्यावर वर्गातून सारखी लघवीला जाते म्हणून बाईंनी जागेवर बसून राहायला सांगितलं. पहिल्या दवाखान्यात लघवीचा जंतुसंसर्ग म्हणून अँटिबायोटिक मिळालं, लघवी तपासली गेली नाही. मुलगी अशक्त झाली म्हणून घरात ग्लुकोज पावडर आली. ती दिवसातून चार वेळा पाण्यात घालून दिली जात होती. उलट्या सुरू झाल्यावर दुसरीकडे सलाइन लागलं, तेही ग्लुकोजचंच. मधल्या काळात ग्रामदेवतेला गाऱ्हाणंही घालून झालं होतं.

यात आईचं काय चुकलं? काहीच नाही. तिने जे पाहिलं ते सगळं अचूक पाहिलं होतं: तहान, लघवी, त्या लघवीतल्या साखरेला लागलेल्या मुंग्या, सैल झालेला गणवेश. ते एकत्र जोडायचं काम तिचं नव्हतं. कोकणातल्या पावसाळ्यात ताप, लेप्टो आणि गॅस्ट्रो यांनी डॉक्टरांचं डोकं व्यापलेलं असतं आणि मुलाला मधुमेह होऊ शकतो हे मनात येत नाही. पण वीस-पंचवीस रुपयांची एक पट्टी सहा आठवड्यांत कोणीतरी वापरायला हवी होती. उलटी आणि धाप असलेल्या प्रत्येक मुलाची साखर बोटावर बघायचीच, हा नियम प्रत्येक दवाखान्यात हवा.

मुलगी सावरल्यावर आजीने मला कॉरिडॉरमध्ये थांबवलं. “डॉक्टरांनू, आमच्या घराण्यात कोणाक नाय, मगे हिकाच कित्याक?” आईने हा प्रश्न विचारला नाही. तिने उत्तर आधीच ठरवून टाकलं होतं: आंब्याच्या दिवसांत मी तिला हवे तेवढे आंबे खाऊ दिले. वडील मुंबईहून फोनवर विचारत होते की बिस्किटं आणून कोण देत होतं. शेजारणीचं म्हणणं, ही पोटात असताना आईने गोड फार खाल्लं. तिघांची तीन कारणं आणि सगळ्यांचा रोख आईकडेच.

अशा वेळी ‘कारणांचा विचार नको, उपचार घ्या’ असं म्हणून विषय मिटवायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती मान्य नाही. घरच्यांनी मनात जे कारण धरलेलं असतं, त्यावरूनच ते उपचार ठरवतात. गोडामुळे झालं असेल, तर गोड बंद केलं की जाईल, हा पुढचा विचार आपोआप येतो. या घरात तो आला आणि मुलगी त्यात पुन्हा संकटात सापडली. ते पुढे सांगतेच.

तिच्या रक्तात गॅड अँटीबॉडी, म्हणजे शरीराने स्वतःच्याच स्वादुपिंडाविरुद्ध बनवलेली प्रथिनं, सापडल्या. सी-पेप्टाइड, म्हणजे शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं याचं माप, अगदी कमी निघालं. सोनोग्राफीत स्वादुपिंडात खडे नव्हते; उष्ण प्रदेशांत, विशेषतः केरळकडे, खड्यांमुळे होणारा मधुमेह आढळतो, म्हणून पोटदुखी असलेल्या मुलात तेवढं बघून घ्यावं लागतं. निदान स्पष्ट होतं. रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उलटली होती आणि हे मे महिन्यात सुरू झालेलं नव्हतं. अशा बऱ्याच मुलांच्या रक्तात या अँटीबॉडी वयाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच दिसू लागतात. साखर वाढते ती फार नंतर, बहुतेक पेशी गेल्यावर. आजीला मी वाळवीचं उदाहरण दिलं: छपराचा वासा ज्या दिवशी मोडतो, त्या दिवशी वाळवी लागलेली नसते. ते तिला लगेच पटलं. म्हणजे गेल्या मे महिन्यातला एकही आंबा याला जबाबदार नाही. जूनमध्ये आलेला तापही नाही. आजारपणात शरीराला इन्सुलिन जास्त लागतं, त्यामुळे तापाने फक्त झाकलेलं उघडं पाडलं.

घराण्यात कोणाला नाही, हेही अपवादात्मक नव्हतं. टाइप १ झालेल्या दहापैकी आठ-नऊ मुलांच्या जवळच्या नात्यात तो कोणालाच नसतो. सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए जनुकांच्या काही जोड्या धोका वाढवतात. पण त्या जोड्या असलेल्या बहुतेक मुलांना मधुमेह कधीच होत नाही. एकसारख्या जुळ्यांतही एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होईलच असं नसतं. म्हणजे जनुकांच्या जोडीला आणखी काहीतरी लागतं.

ते काय, हा प्रश्न जगभर गाजतो आहे, कारण मुलांमधला हा आजार वाढतो आहे आणि जनुकं एका पिढीत बदलत नाहीत. युरोपातल्या नोंदींत १९८९ ते २०१३ या काळात वर्षाला सरासरी ३.४ टक्क्यांनी वाढ झाली. फिनलंडमध्ये वर्षाला लाखात पन्नासहून अधिक मुलांना तो होऊ लागला. गेल्या काही वर्षांत तिथली वाढ थबकली आहे. त्याच फिनलंडला लागून रशियाचा करेलिया प्रांत आहे. दोन्हीकडच्या लोकांची जनुकं बरीच मिळतीजुळती, तरी फिनलंडच्या बाजूला प्रमाण सुमारे सहापट. मला त्याहून जवळची वाटते ती इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डची नोंद. भारतीय उपखंडातून तिथे गेलेल्या कुटुंबांच्या मुलांमध्ये १९७०च्या दशकाच्या शेवटी हे प्रमाण लाखात सुमारे ३ होतं. दहा-बारा वर्षांत ते ११-१२ वर, म्हणजे तिथल्या गोऱ्या मुलांच्या आसपास गेलं. माणसं तीच, रक्त तेच, फक्त मुलूख बदलला.

मुलखातलं नेमकं काय बदलतं, यावर सगळ्यात भक्कम पुरावा एन्टेरोव्हायरसकडे बोट दाखवतो, त्यातही कॉक्सॅकी बी गटाकडे. हे विषाणू पोटातून शिरतात आणि त्यांना बीटा पेशींत घुसायची वाट सापडते. अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडन या चार देशांत जन्मापासून मुलांच्या मागावर राहिलेल्या ‘टेडी’ अभ्यासात एक बारीक गोष्ट निघाली: हा विषाणू आला आणि गेला अशा मुलांपेक्षा, तो ज्यांच्या शौचात दीर्घकाळ सापडत राहिला त्यांच्यात अँटीबॉडी जास्त दिसल्या. दुसरा मुद्दा, लहानपणी जंतूंशी फारसा सामना न झालेली प्रतिकारशक्ती भरकटते, असा. मुलांचा जंतूंशी जास्त संबंध येतो त्या करेलियाचं उदाहरण त्याच्या बाजूने दिलं जातं. शेणाने सारवलेलं अंगण आणि विहिरीचं पाणी असलेल्या या वाडीतल्या मुलीला तो मुद्दा सरळ लागू करायला मी तयार नाही. ड जीवनसत्त्वाचंही तेच: फिनलंडमधल्या अंधाऱ्या हिवाळ्यात तो विचार अर्थपूर्ण आहे, समुद्राच्या उन्हात वाढलेल्या मुलीत तो पहिला संशयित होऊ शकत नाही. गाईच्या दुधाची शंका तर पंधरा देशांत दोन हजारांहून अधिक बाळांवर तपासून झाली. विशेष प्रक्रिया करून प्रथिनं तोडलेलं दूध दिल्याने मधुमेह टळला नाही, हा निकाल २०१८ मध्ये आला. आणि लसींमुळे मधुमेह होत नाही. हे वेगळं सांगते, कारण वाडीत ती कुजबुजही होती.

आपल्याकडच्या वाढीला आणखी एक बाजू आहे, आणि कोकणासाठी मला ती फार महत्त्वाची वाटते. पूर्वी ही मुलं निदान व्हायच्या आधीच जायची. तापाने गेलं, बाहेरचं काहीतरी लागलं, आठ दिवसांत सुकून गेलं, असं म्हटलं जायचं. कुठल्याही यादीत त्यांच्यापुढे मधुमेह लिहिला गेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) तरुण मधुमेहींची नोंदवही सुरू झाली तीच २००६ मध्ये. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१च्या अंदाजानुसार वीस वर्षांखालच्या टाइप १ मधुमेहींची सर्वाधिक संख्या भारतात आहे, सव्वादोन लाखांहून अधिक. या आकड्यात नव्याने आजारी पडलेली मुलं आहेत, तशी आता जगू लागलेली मुलंही आहेत. आमची ही मुलगी शंभर वर्षांपूर्वी त्यात नसती.

आता तो दुसरा प्रसंग. घरी गेल्यावर तिला रोज १८ युनिट इन्सुलिन लागत होतं. महिन्या-दीड महिन्यात ते उतरत उतरत ६ वर आलं. टाइप १ मध्ये हे अनेकदा होतं. उपचारांनी विसावा मिळालेल्या उरल्यासुरल्या बीटा पेशी काही महिने पुन्हा काम करू लागतात. हे तात्पुरतं आहे, असं मी बजावून सांगितलं होतं आणि कागदावरही लिहून दिलं होतं. पण नेमके तेव्हाच गणपती आले, मुंबईकर मंडळी आली. एका नातेवाइकाने सांगितलं की इन्सुलिनची सवय लागते, गोड तोडा आणि कडू किराइताचा काढा द्या, त्यांच्या ओळखीत एकाची साखर त्यानेच गेली. ज्यांची साखर उतरली ते गृहस्थ पन्नाशीचे, टाइप २ चे, म्हणजे शरीरात इन्सुलिन असतं पण ते पुरेसं लागू पडत नाही अशा मधुमेहाचे. पण मधुमेह म्हटल्यावर सगळ्यांना तो एकच वाटतो. आजीनेही विचारलं होतंच मला, “साकर बंद केली काय जातला मां?” विसर्जनानंतर इन्सुलिन बंद झालं. सुरुवातीचे दिवस साखर दीडशे-पावणेदोनशेच्या घरात राहिली आणि काढ्याचा गुण आला असं सगळ्यांना वाटलं. तो गुण उरलेल्या पेशींचा होता. मग सर्दी-तापाचं निमित्त झालं आणि साखर ३८० वर गेली.

या वेळी आईने कोणाला विचारलं नाही. मुलीला उलटी झाली, तोंडाला कीटोनमुळे येणारा ॲसिटोनचा, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा, वास आला, तशी रात्रीच रिक्षा करून ती आली. पीएच ७.२८, म्हणजे सुरुवातीलाच सापडलं. दोन दिवसांत घरी गेली.

वडील धावत आले तेव्हा मी त्यांना इन्सुलिनच्या आधीचा काळ सांगितला. पथ्याने टाइप १ बरा होतो का, याची परीक्षा जगाने आधीच घेऊन झाली आहे आणि ती मुलांवरच झाली. इन्सुलिन मिळण्याआधी अमेरिकेत या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवायचे. साखरच काय, भाकरीही नाही. त्याने काही जण थोडे महिने जास्त जगले आणि हाडांचे सापळे होऊन गेले. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं केलं. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला ते पहिल्यांदा टोचलं आणि तो वाचला. वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं ते इन्सुलिन ठेवायचं कसं, याबद्दल. तौक्ते वादळात, मे २०२१ मध्ये, त्यांच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. हा प्रश्न योग्य होता आणि त्यावर आम्ही नीट बसलो. वापरातली कुपी तीस अंशांखाली चार आठवडे टिकते, ती मडक्यात, ओल्या वाळूवर, सावलीत ठेवायची. किनाऱ्याच्या दमट हवेत मडकं घाटावरच्याएवढं गार करत नाही, म्हणून त्यात साधा थर्मामीटर टाकून बघायचं. जास्तीच्या कुप्या फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब. वीज गेली तर बाजारपेठेतल्या औषधाच्या दुकानात, जिथे जनरेटर आहे.

याच गणपतीत एक वेगळीच गोष्ट समोर आली. मुलीचा पंधरा वर्षांचा चुलतभाऊ मुंबईहून आला होता. त्याच्या मानेमागे काळपट, मखमली पट्टा होता. त्याची आई तो मळ समजून आंघोळीच्या वेळी दगडाने घासत होती. तो मळ नसतो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की इन्सुलिन जादा बनतं आणि कातडी अशी जाड होते. त्याचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचं माप, ६.१ निघालं, म्हणजे टाइप २ मधुमेहाच्या उंबरठ्यावर.

आजार वेगळा आणि कारणंही वेगळी. इथे खाण्याचा संबंध नक्की आहे: रोजचं थंड पेय, पाच-पाच रुपयांचे पुडे, शिकवणीपायी गेलेला खेळ, रात्री उशिरापर्यंत मोबाइल. पण सगळा दोष मुलाच्या जिभेवर टाकणंही बरोबर नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. तिथली बाळं वजनाला कमी, स्नायूंनी किरकोळ, पण त्या मानाने चरबी राखून असलेली निघाली. पोटात असताना उपासमार सोसलेलं असं शरीर पुढे भरपूर खाण्याला तोंड देताना लवकर थकतं. हा भाऊ जन्माला आला तेव्हा सव्वादोन किलोचा होता. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या गोव्यात प्रौढांमधलं मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वाधिक, हे २०२३च्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीत दिसलं. आणि २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शाळकरी आणि किशोरवयीन मुलांपैकी दहात एक जण उंबरठ्यावर सापडला होता. गावात राहतो म्हणून आपण सुरक्षित, असं समजायचे दिवस गेले. वाडीतली मुलंही आता शाळेत स्कूटरवर किंवा रिक्षाने जातात आणि सकाळच्या पेजेच्या जागी चहासोबत बटर, खारी आली आहे.

एकाच घरात दोन मुलं: एकाचं जेवण बदललं तर आजार मागे फिरू शकतो, दुसरीचं कितीही बदललं तरी फिरणार नाही. हे दोघं शेजारी बसल्यावर घरच्यांना जे समजलं, ते माझ्या समजावण्याने समजलं नव्हतं. भावाचं थंड पेय बंद झालं आणि त्याला संध्याकाळी मैदानावर पाठवायला सुरुवात झाली. मुलीचं मात्र कोणतंच खाणं बंद केलं नाही. भात, भाकरी, घावणे, मासे सगळं आहे, फक्त मोजून आणि त्या हिशेबाने इन्सुलिन घेऊन. उकड्या तांदळाच्या भाताने साखर जरा सावकाश चढते, हे आईने स्वतःच मोजून वहीत लिहिलं. बाईंनी वर्गात तिला कधीही लघवीला जायची आणि हात थरथरले तर साखर खायची मुभा दिली आहे. दप्तराच्या पुढच्या कप्प्यात साखरेची डबी असते, हे बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीलाही माहीत आहे.

राहिला धाकटा भाऊ. टाइप १ असलेल्या मुलाच्या भावंडांना तो होण्याची शक्यता पाश्चात्त्य देशांतल्या आकड्यांनुसार शंभरात पाचच्या आसपास असते. वडिलांना त्याच्या अँटीबॉडी लगेच तपासून हव्या होत्या, आईला नको होत्या. एकापेक्षा जास्त अँटीबॉडी सापडल्या तर आजार पुढे जवळजवळ ठरलेलाच. तो लांबवणारं टेप्लिझुमॅब हे औषध अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजूर झालं, पण तेव्हा ते आठ वर्षं आणि त्यावरच्यांसाठीच, आणि त्याने मिळतात ती साधारण दोन वर्षं. पाच वर्षांच्या मुलाच्या घरात ही टांगती तलवार आणून काय साधायचं? तपासणीचा खरा फायदा म्हणजे मूल कीटोॲसिडोसिसमध्ये जाण्याआधी सापडणं. ज्या घरात ग्लुकोमीटर आहे आणि ती आई आहे, तिथे तो फायदा आत्ताच आहे. मी आईच्या बाजूने मत दिलं. तहान वाढली, अंथरूण ओलं झालं, वजन उतरलं, की त्याच दिवशी बोट टोचायचं, एवढं ठरलं. वडिलांनी शिमग्याला तो विषय पुन्हा काढला. मुलगा आठ वर्षांचा झाला की तिघांनी परत बसून ठरवायचं, असं सध्या आहे.